तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात सासरच्यांनी ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यात नाव लिहिलं आणि केम गावच्या अंकिताची दानेश्वरी झाली. तिची आई बजाबाई तेव्हा गुणगुणली होती :

लेक गेली परघरी, नाव तांदळात गेलं
हाक मारू कोणती गं, तोंड माझं मुकं झालं

आज चार महिन्यांनी, सोलापुरातल्या एक्स-रे सेंटरात ती खरंच मुकी बसली होती. लेकीचा गुडघा सुजून तट्ट. शेजारी लेकीची सासू, दुधनी गावची विहीण.

डॉक्टर भार्गवीनं फोटो उजेडापुढं धरला. "हाडात गाठ आहे. कडा पुसट, भोवती किरणं फुटल्यासारखं हाड वाढलंय. वाईट जातीची वाटते. पण जंतुदोषही कधी असाच दिसतो. आधीचा फोटो असता तर वाढीचा वेग कळला असता. दानेश्वरी नावावर काहीच निघत नाही."

"कुटनं निघंल? माहेरी ठणठणीत व्हती की!" विहीण हसली. "का वो विहीणबाई, किडका दाणा आमच्या सुपात घातला का काय?"

बजाबाईलाच ठाऊक होतं. लग्नाला अकरा दिवस असताना हितंच फोटो काढला होता. 'उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या,' असं तेव्हाच्या डॉक्टरनं बजावलं होतं. सोयरीक मोडेल म्हणून तिनं लेकीला सांगितलं, मुका मार हाय, सासरी फोटोचं नाव काढू नगंस. आता बोललं तर लेकीचा संसार जातो. न बोललं तर लेक.

"अंकिता नावानं बघा," ती कशीबशी म्हणाली.

फोटो निघाला. तेव्हा सुपारीएवढी गाठ, आता मुठीएवढी.

"चार महिन्यांत एवढी? हा जंतुदोष नव्हे. आजच मोठ्या दवाखान्यात पाठवते." भार्गवी थांबली. "तेव्हाच तिथं गेला असता तर बहुतेक पाय राखता आला असता."

विहीण उठली. पिशवी काखेत मारली. "आमी दानेश्वरी आणली व्हती. ही अंकिता तुमची. सांबाळा." मागं वळूनही न बघता ती गेली.

"आये, तुला ठावं व्हतं?"

"सोयरीक मोडली असती गं," बजाबाई म्हणाली.

"सोबतच्या माणसाची सही लागेल," भार्गवीनं कागद पुढं केला. बजाबाईनं अंगठा पुढं केला, तशी अंकितानं कागद ओढून घेतला.

"वीस वर्साची हाय मी. हिचा अंगठा नगं." सही करून तिनं डॉक्टरकडं बघितलं. "माझ्यासंगं यायला दुसरं कुणी गावंल का वो?"