चार बंद काचा

"गोम्या, जवाईबुवाले म्हण, त्या दारातून हात काढा. बोटं तुटली तं पोराइले भूगोल काय कोपरानं शिकवान म्हणा?"

सत्यभामाबाई हे बोलल्या ते पदर कपाळावर ओढून आणि तोंड गोठ्याकडे करून. जावई मारोतराव हातभर अंतरावर, मोटारीच्या उघड्या दारापाशी गुडघे टेकून बसले होते. पण सासूनं जावयाशी थेट बोलायचं नसतं. म्हणून बाईंचं प्रत्येक वाक्य आधी म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या, गोमाजीच्या अंगावर आदळत होतं.

"बाई म्हणतेत, हात काढा."

"ऐकलं जी. मामीले सांगा, स्प्रिंग बांधली मी."

गाडी विलायती. बाईंच्या नवऱ्यानं एका मालगुजाराकडून हौसेनं घेतलेली. काचा बटणावर वरखाली व्हायच्या, तेव्हा अर्धं अड्याळ गाव बघायला जमायचं. मालक गेले, गाडी राहिली. आणि संक्रांतीपासून चारही काचा बंद त्या बंदच. थंडीत कोणाचं काही अडलं नाही. आता वैशाख पेटला होता आणि बाळंतपणाला आलेल्या लेकीचे, शकुनचे, दिवस भरत आले होते. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पोरीला एसटीचा, बैलबंडीचा एक धक्का लागू देऊ नका. ही गाडी पाळण्यासारखी चालायची. पण परवा तळ्यापर्यंत नेऊन पाहिलं, तर त्या बंद भट्टीत शकुनला घेरी आली.

"काचा फोडू," गोमाजी म्हणाला होता.

"फोड ना! तुह्या बापानं आणली होती का? आधी तंबाखूच्या हातानं बटनं मारली, आता काचा फोडते!"

गोमाजीनं मान खाली घातली होती. संक्रांतीपासून तो हेच ऐकत होता.

मिस्त्री लगीनसराईत अडकलेला. तेव्हा बायकोला भेटायला आलेले मारोतराव म्हणाले, "मी पाहतो." त्यांनी जन्मात एक ट्रान्झिस्टर तेवढा उघडला होता, आणि तो बंद केल्यावर एक स्क्रू उरला होता. शकुननं ते आईला हसत सांगितलं होतं. आज बाईंना तो उरलेला स्क्रूच आठवत होता.

कुंपणावरून शेजारच्या निर्मलाबाईंनी मान काढली. "काय वं बाई, जवायाले कामाले लावलं?"

"तुमचा खाटीवर लोळते, आमचा उठते! तेवढाच फरक!"

फणकारा केला खरा, पण सासुरवाडीत जावयाचे हात काळे झालेले बघून बाईंचाच जीव लाजेनं अर्धा झाला होता.

तेवढ्यात घरातून हाक आली. "मायऽऽ!"

बाई धावल्या. शकुन कंबर धरून भिंतीला टेकली होती. कपाळावर घाम. ही नेहमीची कळ नव्हती.

बाई ओसरीवर आल्या तेव्हा आवाज फाटला होता. "गोम्या, सांग त्याइले, टाइम नाही आता!"

मारोतरावांच्या हातून पेचकस निसटला आणि खणखणत दाराच्या पोटात गेला. त्यांनी ओठ चावला. बॅटरीपासून एक वायर ओढून थेट काचेच्या मोटरला टेकवली. मोटर गुरगुरली.

"जिती आहे!" गोमाजी ओरडला. "मंग मेलं काय?"

मारोतरावांनी दाराच्या तळाशी हात घातला. मूठ बाहेर आली आणि उघडली. बाई खांबाआडून बघत होत्या.

मुठीत पिवळे तांदूळ होते. हळदीचे, गोळे झालेले, वर उंदराच्या लेंड्या. आणि वायरचं कुरतडलेलं टोक.

दर दसऱ्याला, दर पाडव्याला, कोणी गावाला निघालं की, बाई गाडीला कुंकू लावून अक्षता टाकायच्या. नेमक्या ड्रायव्हरच्या दाराशी, कारण मालक हौसेनं स्वतः चालवायला तिथं बसायचे. दाणे काचेच्या फटीतून आत उतरत गेले. दाण्यांमागे उंदीर आला. आणि चारही काचांची वीज याच दारातून जात होती.

"काय निघालं जी, मास्तर?" बॉनेटमागून गोमाजीनं विचारलं.

मारोतरावांची नजर क्षणभर खांबाकडे गेली. मूठ सदऱ्याच्या खिशात उतरली.

"वायर. जुनी झाली होती."

त्यांनी टोकं जोडली, जखमेवरची चिकटपट्टी गुंडाळली, बटण दाबलं. कण्हत, अडखळत, एकामागून एक चारही काचा खाली गेल्या.

कोणी हसलं नाही, वेळच नव्हता. बाईंनी स्वतः तांब्या आणून जावयाच्या काळ्या हातांवर पाणी घातलं. पदर तसाच कपाळावर. शकुनला मागं बसवलं. बाईंच्या सुनेनं सवयीनं कुंकू-अक्षतांचं ताट पुढं केलं. बाईंनी चिमूट घेतली, ड्रायव्हरच्या दाराशी गेल्या, हात वर झाला आणि तिथंच थांबला.

स्टिअरिंगवरून गोमाजी बघत होता. "टाका ना बाई."

बाईंनी मूठ मिटली. पोरीजवळ जाऊन बसल्या.

"चला, गोमाजी," त्या म्हणाल्या. "हळू चालवजा."

लग्न होऊन या घरात आल्यापासून बाईंनी त्याला गोम्याच म्हटलं होतं. म्हाताऱ्यानं आरशातून एकदा मागं पाहिलं आणि गाडी सुरू केली.

उघड्या काचांतून गरम का होईना, वारा येत होता. शकुननं आईचा हात धरला तो डावा. उजवी मूठ बाईंनी भंडारा येईपर्यंत उघडली नाही. घामानं हळद बोटांच्या फटींतून लुगड्यावर उतरत राहिली.