शुद्ध ठरलेला बोकड

मी साळूबाईचा बोकड बोलतोय. हसू नका, मी सरकारी कामावर होतो!

हर्सूलच्या पुढं अणुभट्टीचं इंधन बनवायचा एक कारखाना होता. तो बंद पडला. तिथली माती खरवडून, पिंपांत भरून नेली, नवी माती टाकली. आता तिथं फ्लॅट उठणार होते. पण जागा साफ झाली हे कळणार कसं? म्हणून तिथलं गवत खायला मला नेमलं. साळूबाईनं मला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. तिला वाटलं, लेकराला नोकरी लागली!

दिवसभर चरायचं आणि संध्याकाळी जागा तपासणाऱ्या विश्वजीत साहेबांपुढं उभं राहायचं. ते माझ्या पोटावरून किरणं तपासायचं यंत्र फिरवायचे. ते किरकिरलं की साहेब मागं सरकायचे. खरं सांगू? ती किरकिर मला लई प्यारी होती. अणूचा बोकड म्हणून एकही खाटीक माझ्याकडं बघत नव्हता.

एक दिवस ते मेलं यंत्र गप्प बसलं. साहेब ओरडले, "जागा शुद्ध, बोकडही शुद्ध!" आणि लगेच ठरलं, बांधकामाच्या उद्घाटनाला याच बोकडाच्या मटणाचा झणझणीत खलिया वाढायचा, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यांची खात्री पटेल.

उद्घाटनाच्या दिवशी औरंगपुऱ्यातून मजीदभाई आचारी देग घेऊन आले. साळूबाई माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.

"साहेब, लेकरू हाय हो माझं ते!"

"मावशी, हे विज्ञानाचं काम आहे," विश्वजीत साहेब म्हणाले.

मजीदभाईंनी सुरीला धार लावली आणि सहज विचारलं, "साहब, पहिली प्लेट आपकी ना?"

साहेब दचकले. "माझी? माझा गुरुवार असतो!"

उद्घाटनाला आलेल्या मोठ्या साहेबांना एकदम संकष्टी आठवली. फ्लॅट बांधणाऱ्या बिल्डरनं तर उभ्या उभ्या तुळशीची माळ घातली.

"तो फिर खाएगा कौन?" म्हणत मजीदभाईंनी सुरी फडक्यात गुंडाळली. त्या देगेत मग साबुदाण्याची खिचडी शिजली, तीही शहरातून पाणी मागवून. साळूबाई मला ओढतच घरी घेऊन आली. वाटभर हसत होती आणि रडतही होती.

आता मी तिच्या दारात निवांत रवंथ करतो. तिकडं फ्लॅट उभे राहिलेत, आणि जाहिरातीच्या फलकावर माझाच फोटो आहे.

बाबांनो, घर जरूर घ्या. पण आधी त्या साहेबांना तिथंच जेवायला बोलवा, आणि त्यांचे उपास सुटेपर्यंत टेम्पोतून सामान उतरवू नका.