दोन बोटांचा नळ

दुकानात शिरल्या शिरल्या मुलाने सगळ्यात मोठ्या निळ्या टाकीवर थाप मारली. पिण्याचं पाणी साठवायला हीच, विषय संपला. सूनबाई मात्र टाक्यांकडे ढुंकूनही बघेना. ती एकेका टाकीचा नळ सोडून बघत होती, तोही डाव्या हाताने, दोनच बोटांनी. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या चढल्या. सासूबाईंनाही वाटलं, ही टाकी घ्यायला आलीय की नळ?

"मागे आमच्याकडची पाइपलाइन फुटली होती," मुलगा दुकानदाराला सांगू लागला. "घरात मोजके कॅन. आम्हाला पुरावं म्हणून आमची आई घोटभर पाणी प्यायली नाही. चक्कर येऊन पडली, सलाइन लावावं लागलं. असा त्याग!"

सासूबाईंनी सवयीने मान खाली घातली. ही गोष्ट तो येईल त्याला ऐकवायचा, आणि त्यांनाही ती गोड लागायची. पण ती खरी नव्हती. कॅनचं झाकण त्यांच्या आखडलेल्या बोटांना दाद देत नव्हतं, आणि दर वेळी कुणाला हाक मारणं जिवावर यायचं. जन्मभर सगळ्यांच्या हातात पाणी दिलेली बाई ती. म्हणून 'तहान नाही' म्हणत राहिल्या.

"ह्या घेऊ, दोन," सूनबाई म्हणाली. स्टीलची बेताची टाकी, तिच्या नळाची दांडी जरा ढकलली की झालं.

"एवढ्याशा? अगं, नळाचं काय घेऊन बसलीस! कारण तरी सांग."

सूनबाईने तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मिटलं. "मला आवडली," एवढंच म्हणाली. नवरा हसला. दुकानदारही हसला, आणि निळी टाकी बाहेर काढायला निघाला.

सासूबाईंच्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. दोन्ही हातांत मिळून त्यांची डाव्या हाताची दोनच बोटं नीट वळायची. हिला सगळं ठाऊक होतं! पोटच्या पोराला जे दिसलं नाही ते हिने पाहिलं, आणि वर तोंडातून चकार शब्द काढला नाही. सासूचा मान राहावा म्हणून भर दुकानात वेड्यात निघाली. धन्य आहे या पोरीची!

"त्याग कसला डोंबलाचा!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "मला झाकण उघडत नव्हतं. आणि मागायची लाज वाटली."

मुलाचा हात टाकीवरून खाली आला. "आई, अगं मी तर सगळ्यांना…"

"सांगितलंस. आणि मी सांगू दिलं."

सूनबाई नळापुढून बाजूला झाली, तेवढंच. सासूबाईंनी दांडीला दोन बोटं लावली. ती अलगद सरकली.

मुलगा गुडघे टेकून खाली बसला आणि आईची बोटं बघू लागला.

"पुन्हा उघड," तो म्हणाला.