सहावी द्वाही

मी एक हातघंटा, मित्रांनो. पितळेची, लाकडी मुठीची, वयाने सव्वाशेच्या पुढची. इंग्लंडातल्या थॉर्नफोल्ड नावाच्या लहान गावात माझे सारे आयुष्य गेले. गावाचा दवंडीवाला लाल डगला घालून बाजारचौकात उभा राहायचा, मला तीनदा हलवायचा आणि मग बोलायचा. जत्रा, हरवलेली गुरे, युद्ध संपल्याची बातमी, सारे आधी माझ्या तोंडून गावाने ऐकले. पण माझा खरा मान एकच. राजा गेला की नव्याच्या नावाची द्वाही फिरवायची. असे पाच वेळा झाले. एकदा तर जानेवारीत सांगितलेल्या राजाने डिसेंबरात गादीच सोडली, आणि त्याच वर्षी मला पुन्हा चौकात यावे लागले.

पाचव्या वेळी राणीचे नाव होते. सहा वर्षांचा लेनर्ड क्रॅडॉक तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसून ऐकत होता म्हणे. मला काही तो आठवत नाही. पण पुढे त्याने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की आता आठवल्यासारखे वाटते.

लेनर्डचा आवाज गुरांच्या बाजारात लिलाव पुकारून तयार झालेला. गावाने त्याला दवंडीवाला केले आणि मी एकतीस वर्षे त्याच्या हातात राहिले. दर शनिवारी तो मीठ आणि व्हिनेगर लावून मला घासायचा, आतली कडसुद्धा सोडायचा नाही. बायको गेल्यावर तर तो माझ्याशीच बोलायचा. म्हणायचा, "राणीला उदंड आयुष्य लाभो. पण ती गेलीच, तर शेवटचं काम आपण दोघांनी चोख करायचं."

मग तो जून आला. राणीच्या कारकिर्दीला सत्तर वर्षे झाली म्हणून चौकात समारंभ होता. लेनर्ड बोलता बोलता मध्येच थांबला. शब्द हरवले. अर्धा मिनिट तो नुसता उभा होता. कोणीतरी ते फोनवर टिपले आणि रात्री दारूच्या गुत्त्यात लोक पोट धरून हसले. लेनर्डही हसला. त्याची मुलगी रोवेना हसली नाही. ती नगरपरिषदेची चिटणीस.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी संध्याकाळी राणी गेली.  लेनर्डने कपाटातून लाल डगला बाहेर काढला आणि सैल झालेले बटण शिवले. दुसऱ्या दिवशी रोवेना आली. रविवारी द्वाही आहे, साडेचार वाजता, असे तिने सांगितले. मला ऑफिसात नेऊन चकचकीत करून आणते, म्हणाली. लेनर्डने मला फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळून तिच्या हाती दिले. काही विचारले नाही. स्वतःच्या मुलीला काय विचारायचे?

रविवारी तीन वाजता मला चौकात आणले. राणीच्या दुखवट्यात अर्ध्यावर आणलेला झेंडा द्वाहीसाठी त्या दिवसापुरता पुन्हा वर चढवला होता. नगराध्यक्ष फिंच यांच्या हातात मला देताना रोवेना हळूच म्हणाली, "कोणी विचारलं तर बाबांना बरं नाही म्हणून सांगा."

तेव्हा मला कळले, मित्रांनो. पण घंटेला हलवणारा हात अडवता येत नाही. कोणी हलवले की वाजावे लागते. फिंचसाहेबांनी मला तीनदा हलवले आणि मी वाजले. पुढे ते कागदावरून वाचू लागले. एक ओळ चुकली, तीच ओळ त्यांनी दोनदा वाचली. कोणी हसले नाही.

लेनर्डचे घर पुलापलीकडे, पाच मिनिटांच्या वाटेवर. माझा आवाज तो झोपेतही ओळखेल. चौकात राजाचा जयजयकार सुरू झाला तेव्हा तो मागच्या बाजूला येऊन पोहोचला होता. अंगात लाल डगला, बटणे अर्धीच लागलेली, डोक्यावर टोपी नाही. पहिला जयजयकार झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला लेनर्डने आवाज लावला. तो सगळ्यांच्या वर गेला. माणसे मागे वळून पाहू लागली.

गर्दी पांगेपर्यंत तो जागचा हलला नाही. रोवेना मला घेऊन त्याच्याकडे गेली.

"साडेचार म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"जूनमध्ये लोक तुम्हाला हसले, बाबा. पुन्हा तसं झालेलं मला बघवलं नसतं."

"मग तोंडावर सांगायचंस की, बाबा, तुम्हाला आता जमायचं नाही. मी भांडलो असतो. आठवडाभर रुसलो असतो. पण येऊन उभा राहिलो असतो, लोकांत."

"तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतं ऐकलं कदाचित," तो म्हणाला. "पण घंटा मी माझ्या हातानं दिली तुला, रोवेना."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिने मला पुढे केले, घरी न्या म्हणाली. लेनर्डने माझ्याकडे पाहिले. जणू मीही त्यांच्यात सामील होते, असे पाहिले. मला तोंड असून बाजू मांडता आली नाही. "राहू दे तिला तुमच्याकडंच," एवढे बोलून तो पुलाकडे चालू लागला. त्याच संध्याकाळी झेंडा पुन्हा अर्ध्यावर उतरवला.

आता मी नगरपरिषदेच्या जिन्यापाशी, काचेच्या कपाटात असते. खाली चिठ्ठी आहे: 'हिने सहा वेळा द्वाही फिरवली.' पुढच्या मे महिन्यात राज्याभिषेक झाला तेव्हा मला बाहेर काढले होते. नवा दवंडीवाला छातीला माईक लावून आला. लेनर्डसाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती, ती रिकामीच राहिली. रोवेना दर रविवारी त्याला जेवण नेऊन देते. तो दार उघडतो, भांडे घेतो, आभार मानतो आणि बस म्हणत नाही. हे ती माझ्या कपाटाशेजारी उभी राहून एका मैत्रिणीला सांगत होती.

तिची माया खोटी नव्हती, मित्रांनो. पण आपले हसे झाले, हे माणूस विसरतो. आपल्याच माणसाने आपल्याला परस्पर बाजूला सारले, हे विसरत नाही. थकलेल्या माणसाला सांभाळायचे असेल, तर त्याच्यासमोर बसून खरे बोला आणि त्याचा राग सोसा.

लेनर्ड अजून आहे. पुलापलीकडे राहतो. कोणी गेलात, तर त्याला एकदा चौकात बोलवा. फक्त वेळ खरी सांगा.