एक जानेवारी, एक वाजून वीस मिनिटं

"पंप बंद करा बाबा. पाणी नको, नुसती हवा पाहिजे."

"बेचाळीस डिग्रीत कोरडा कूलर," बाबा बटण खाली करत म्हणाले. "डिस्कले हवा अन् आमाले घाम. हेच शिकवते का वं तुह्या एमएस्सीत?"

ओल्या हवेनं काय होतं ते सांगत बसायला वेळ नव्हता. कूलरच्या तोंडाशी पाटावर ठेवलेली हार्ड डिस्क हाताला अजून कोमट लागत होती. काल ती नऊ मिनिटं चालली होती, आज सकाळी सात. तापली की आतून टक, टक असा आवाज यायचा आणि ती बंद पडायची. तासाभराचं एक रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवायला साडेसहा मिनिटं लागत होती. म्हणजे फार तर एक फाइल. आणि फाइली होत्या एकशे त्रेचाळीस.

त्यातल्या एकीत आईचा आवाज होता.

आईनं कामठीत एकोणीस वर्षं यंत्रमाग चालवला. दोन हजार दहा साली, बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी, गावच्या केबल चॅनेलवर ती एक गाणं गायली. बाबा त्याच केबलचे लाइनमन. ऑफिसातला जुना रेकॉर्डर त्यांनी घरी आणून ठेवला होता, त्यावर त्यांनी तो कार्यक्रम धरून ठेवला. ही डिस्क त्याच रेकॉर्डरमधली. तीन वर्षांनी आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. आता तिचा श्वास मानेवरच्या छिद्रातून चालतो, त्यावर पांढरं सुती फडकं असतं. बोलायचं ते ती पाटीवर लिहिते. चहा फुंकता येत नाही, म्हणून बशीत ओतून निवायची वाट बघते.

तेव्हा मी बारा वर्षांची होते. तिचा आवाज आठवतो, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर आठवतं ते एवढंच, की तो होता.

आईनं टाळी वाजवली. पाटीवर लिहिलं होतं, "फेका ते डबडं."

"फेकतो, फेकतो," बाबा म्हणाले. "एवढी फाइल घेऊ दे पोरीले."

पण कोणती? फाइलींची यादी मी काल उतरवून घेतली होती. प्रत्येकीवर तारीख एकच, एक जानेवारी. त्या काळात रोज भारनियमन असायचं. लाइट गेली की रेकॉर्डरचं घड्याळ पुसलं जायचं, आणि ते पुन्हा लावायचा आमच्या घरात सगळ्यांनाच कंटाळा. गावभर केबल जोडणाऱ्या माणसाच्या घरचं घड्याळ कायम एक जानेवारी दाखवत होतं.

यादीकडे बघता बघता मी ताडकन उठले. "बाबा, लाइट आल्यावर ते घड्याळ बारापासून सुरू व्हायचं ना?"

"हो. बारा, शून्य शून्य."

"म्हणजे फाइलवरची वेळ खोटी नाही. लाइट येऊन किती वेळ झाला, ते ती सांगते. कार्यक्रम किती वाजता लागला?"

"आठले. एक सेकंद इकडेतिकडे नाही. बटण मीच दाबलं."

"आणि त्या दिवशी लाइट कधी आली?"

बाबा छताकडे बघू लागले. मी पेन्सिल यादीवर टेकवून ठेवली. चौदा वर्षं डिस्कवर पडून असलेली ती यादी आता बोलायच्या बेतात होती.

"सातले," ते म्हणाले. "मी घरात पाय ठेवला, घड्याळात सात, अन् बल्ब लागला होता."

सात ते आठ, एक तास. यादीत 'एक शून्य शून्य' अशी एकच फाइल होती. मी वायर जोडायला घेतली, तेवढ्यात टाळी वाजली. मग दुसरी, जोरात.

आईनं पाटी माझ्यापुढे धरली. "सहा चाळीस."

"तुले काय मालूम?" बाबा म्हणाले. "तू तं घरी नव्हती."

तिनं पाटी पदरानं पुसली आणि भराभर लिहिलं, "मागावर होती. घरची अन् मागाची लाइन एकच. लाइट आली, माग चालू झाला. वीस मिनिटं विणलं. मंग सातचा भोंगा."

बाबांनी पाटी जवळ ओढून पुन्हा वाचली. "मी आलो तवा लाइट होती," ते हळूच म्हणाले. "आली कधी, हे मी पाह्यलंच नाही. लाव वं, तुही माय म्हणते ते लाव."

एक वाजून वीस. तीही एकच होती.

वायर जोडली. डिस्क गरगरली. दहा टक्के. तीस. बाबा दोन्ही हातांनी पुठ्ठा धरून कूलरची हवा डिस्ककडे वळवत होते. साठ टक्के. पंचाहत्तरला पहिली टक ऐकू आली. आई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली. ऐंशी. टक, टक. ब्याण्णव टक्क्यांवर आवाज एकदम थांबला आणि डिस्क गप्प झाली. मी वायर काढून पुन्हा लावली. ती परत फिरली नाही.

"शेवटचं आभारप्रदर्शन गेलं असंन," बाबा म्हणाले. "जाऊ दे. तवाही कोणी ऐकत नव्हतं."

मी फाइल उघडली. निळा पडदा, प्लॅस्टिकची फुलं, तबलेवाला. मग साध्या चॉकलेटी साडीतली एक बाई माइकपुढे आली. मागावरून थेट आलेली. तिनं एकदा तबल्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

बाबांनी उठून कूलर बंद केला.

मी आवाज बारीक असेल असं धरून चालले होते. तो मोठा होता, जाड होता, मागाच्या खडखडाटावरून पलीकडच्या बाईला हाक मारायची सवय असलेला. खोलीत तो मावत नव्हता. बाबांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता, पण ते पुसत नव्हते.

गाणं संपलं. आई मात्र पडद्यावरच्या बाईच्या कानामागे बघत होती. तिथे केसांत कापसाचा एक पांढरा पुंजका अडकलेला होता, गाताना हलत होता.

तिनं पाटी घेतली. "सांगितलं नाही कोनी."

मग तिचा हात आपल्याच कानामागे गेला. पिकलेल्या केसांतून तिनं दोन बोटांच्या चिमटीत तो आता नसलेला पुंजका काढला आणि फुंकर मारायला ओठ पुढे केले. क्षणभर ते तसेच राहिले. मग तिनं चिमूट खिडकीबाहेर नेऊन मोकळी केली.