मुल्लाजींनी मराठी पाठ केली

मुल्लाजी मख्दूम खतीबांचा सरकारांवर राग नव्हता. सरकारांनी जरा दमानं बदलावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. वालावलच्या पलीकडे, खाडीकाठच्या मशिदीच्या पडवीत त्यांची शाळा भरे. सावंतवाडीचं संस्थान होतं तेव्हा पोरं दुपारपर्यंत कुराण घोकत आणि जमलं तर बेरजा करत. मग मुंबई राज्य आलं आणि अनुदान हवं तर धर्म शाळेच्या वेळेबाहेर, असा हुकूम आला. मुल्लाजींनी कुराण पहाटेला नेलं. पोरं पेंगू लागली, पण निभलं. आता एकसष्ट साली नवं सरकार म्हणालं, उर्दू शाळेच्या मास्तरालाही मराठी वाचता आलं पाहिजे. शाळा तपासणारे दिपोटीसाहेब येऊन परीक्षा घेणार, मास्तर नापास झाला तर शाळा बंद आणि पोरं होडीनं वालावलच्या शाळेत.

शाळा गेली की पहाटेचं कुराणही जाणार, हे मुल्लाजींना पक्कं ठाऊक होतं. अंधारात उठून आधी मशीद, मग होडी, एवढे कष्ट त्यांच्या सख्ख्या नातवानंही घेतले नसते. म्हातारा हवालदिल झाला. जन्मभर मालवणी बोलला, पण बालबोध अक्षर त्याला एक येत नव्हतं.

शेवटी त्यांनी सुगंधाला गाठलं. ती मासे विकायला रोज तिथूनच जाई आणि चौथी पास होती. तिनं तिसरीचं पुस्तक आणलं, डोक्यावरची टोपली उतरवून पायरीवर बसली आणि वाचू लागली. आता मुल्लाजींचे वडील आंधळे हाफीज. त्यांनी पोराला अख्खं कुराण पुस्तक न उघडता, नुसतं ऐकवून पढवलेलं. मुल्लाजींना विद्येची तेवढीच वाट माहीत. ते डोळे मिटून डुलू लागले आणि पावसाळा सरायच्या आत तिसरीचं पुस्तक सुरात पाठ करून मोकळे झाले. अक्षरांकडे बघा म्हणून सुगंधानं कितीदा विनवलं. आधी तोंडात बसू दे, डोळ्यांचं मागून बघू, असं ते म्हणायचे.

दिपोटीसाहेब आले. कोट, छत्री आणि होडी लागल्यामुळे उतरलेला चेहरा. पोरं रांगेनं बसली होती, सुगंधा उगाच पायरीशी रेंगाळत होती. साहेबांनी पुस्तक हातात दिलं आणि कुठलंही पान वाचा म्हणाले.

मुल्लाजींनी पुस्तक उघडलं ते उर्दूच्या सवयीनं, शेवटाकडून. डोळ्यांसमोर आगबोटीचं चित्र, आणि तोंडातून खणखणीत निघाला पहिला धडा, कोंबड्याचा. साहेबांनी आगबोट पाहिली, कोंबडा ऐकला आणि पुरे म्हणून हात वर केला. पण सुरू केलेला धडा अर्ध्यावर सोडणं मुल्लाजींना पाप वाटे. ते डुलत पुढे गेले. पावसाळाभर तेच ऐकलेली पोरंही डुलू लागली आणि सगळी पडवी एका सुरात कोंबड्यामागून गाईच्या धड्यात शिरली. सुगंधानं पदरानं तोंड झाकलं.

गाय संपली तेव्हा सगळ्यांना दिसलं की साहेबसुद्धा डुलतायत. त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते ताठ बसले.

"तुम्हाला वाचता येत नाही," ते म्हणाले.

"नाही, साहेब." मुल्लाजींचा आवाज पार खाली गेला होता.

साहेबांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. "वडिलांनी मलाही असंच डुलवून रुद्र पाठ करून घेतला," ते म्हणाले. "अर्थ अजून लागायचाय. एक वर्ष देतो. पुढच्या साली मी येईन की जिल्हा परिषदेचा कोणी, देव जाणे. पण वाचायचं पान येईल तो काढील."

मुल्लाजींना रडू कोसळलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेचं कुराण आटोपलं, शाळाही सुटली. मग मुल्लाजी आपल्याच पडवीत, बारक्या पोरांच्या चटईवर, पाटी घेऊन बसले. सुगंधानं पाटीवर 'क' काढला. त्यांनी सवयीनं डोळे मिटले, तशी तिनं त्यांचा खांदा घट्ट धरला.

"हलू नकात, मुल्लाजी," ती म्हणाली. "अक्षरां पळतत."