पडवीत राहिलेला सिलेंडर

नातवाला बोलायची रीत नाही, हे हिराबाईचं गाऱ्हाणं साऱ्या वाडीला पाठ झालं होतं. यतीन गोव्याहून खोल पाण्यात बुडी मारायचं शिकून आला, तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच, "आजी, हात लावू नको." पट्ट्याला लावू नको, नळीला लावू नको, पडवीतल्या पांढऱ्या सिलेंडरकडे तर बघूसुद्धा नको. का, म्हणून विचारावं तर, "तुका नाय कळाचा." जिनं मासळीच्या लिलावात भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडला, तिला कळायचं नाही!

"ह्यो पोटात आसताना तुका काय खावक घालूचा, ता माकाच कळत व्हता मां?" ती सुनेला ऐकवायची. सून वर्षाली सुरमई कापता कापता गालात हसायची.

खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा म्हणजे हिराबाईचं राज्य. कोयते, विळी, होडीचं मशीन, सगळं पुसून, खोबरेलाचा हात फिरवून, हळदकुंकू लावून झालं, आणि तिची नजर पांढऱ्या सिलेंडरवर गेली. यतीन वेंगुर्ल्याला गेलेला. पोराचं पोट ज्याच्यावर, ते हत्यार बिनपूजेचं ठेवायचं? तिनं सिलेंडरला मायेनं तेल चोळलं. हवा सोडायची वरची चावी अगदीच कोरडी ठणठणीत दिसली, म्हणून तिला जरा जास्तच. वर झेंडूची माळ.

संध्याकाळी यतीन आला. माळेकडे बघत उभा राहिला, चावीवरून बोट फिरवलं आणि तसाच आत गेला.

"बघलंस? पाया पडाक पण वाकाक नाय मेलो," हिराबाई म्हणाली.

दसऱ्याला उजाडताच यतीनचा जोडीदार यज्ञेश सावंतवाडीहून बाकीचे सिलेंडर घेऊन आला. पंचवीस वाव, म्हणजे दीडशे फूट पाण्यात कसलंसं जहाज बुडालेलं होतं. हिराबाईचा मुलगा भाई दरवर्षी तिथं जाळी फाडून घ्यायचा. ते आहे तरी काय, हे बघायला दोघं उतरणार होते. यतीन सामान होडीत भरायला गेला, तसं हिराबाईनं यज्ञेशपुढे घावणे वाढले आणि त्याला धरलं.

"तू तरी सांग रे. इतके सिलेंडर कित्याक व्हये?"

यज्ञेश मास्तरांच्या घरातला, बोलायला अदबशीर. "आजी, खाली दाबामुळे हवा रक्तात मुरते. भरकन वर आलं की सोड्याच्या बाटलीसारखी फसफसते आणि माणूस लुळा पडतो. म्हणून थांबत थांबत यायचं. मुरलेली हवा लवकर निघावी म्हणून वाटेत वायू बदलायचा. बारा वावांवर आलो की हा निळा, यात निम्मा ऑक्सिजन. शेवटचे तीन वाव उरले की तुमच्या पडवीतला पांढरा, निव्वळ ऑक्सिजन."

"निव्वळ आसा तर पयल्यापासून तोच ओढा मां! अर्धो कित्याक?"

"खोलावर तोच बाधतो, आजी. फीट येते."

"म्हणजे बाळंतिणीक पयल्या दिसाक तिखला घालूचा नाय, पेज घालूची."

"अगदी तसंच!"

"यतीन, बघ रे, कळला माका!" हिराबाई ओरडली. पण ऐकायला यतीन होता कुठे?

दोघांना घेऊन भाईची होडी गेली. हिराबाई पडवी झाडायला आली आणि केरसुणी हातातच राहिली. पांढरा सिलेंडर माळ घालून कोपऱ्यात तसाच उभा.

"वर्षाली! निव्वळ हंयच इसारलो गो ह्यो!"

ती तरातरा किनाऱ्यावर गेली. होडीचा ठिपका झाला होता. वर्षालीनं मोबाइल लावून बघितला, पण समुद्रात रेंज कसली? हिराबाई तिथंच वाळूत बसली. डोळ्यांपुढे सोड्याची बाटली. सोनं द्यायला शेजारची सुशीला आली, तर "ठेव थंय" म्हणून तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. जेवणवेळेला यायची होडी ऊन कलल्यावर आली.

यतीन उतरला. ओठ निळे, दात वाजत होते. पण स्वतःच्या पायांनी चालत होता. तेवढं बघितलं आणि हिराबाईचं तोंड सुटलं.

"निव्वळ घराक ठेवन गेलंस! टकलेत नारळाची सोडणा भरलंस काय रे?"

"इसराक नाय. आज निळ्या अर्ध्यातच भागवला," यतीन पुटपुटला.

"भागवलं कसलं!" यज्ञेश कुडकुडत म्हणाला. "वर येताना तासभर जास्त दोरीला लोंबकळलो. पांढऱ्याच्या चावीला तेल लागलंय, हे यानं होडीत सांगितलं, आजी. निव्वळ ऑक्सिजन तेलाला भेटला तर चावी उघडताच पेट घेईल. आता गोव्याला नेऊन साफ करून..."

यतीननं त्याला कोपर मारलं, पण उशिरा. भाई उगाच मशीन पुसायला लागला.

"काल बघलंस, तेवा तोंड खंय गेलेला तुजा?" हिराबाईनं विचारलं.

"सणाचो दिस व्हतो. तू हौसेन पूजलंस. तुका वायट वाटात म्हणान..."

हिराबाईनं पदर त्याच्या ओल्या डोक्यावर टाकला आणि असा खसाखसा पुसला की तो कळवळला.

"वायट वाटात? म्हणान तू पाण्यात कुडकुडत रवलंस, नि हंय माजो जीव जावची पाळी! आईक. तेल मी लायलंय, पण चूक तुजी. 'हात लावू नको' म्हणाक बरा येता, 'तेलान पेटतला' म्हणाक जीभ झडता? खंयचो वायू कितक्या पाण्यात ओढूचो, ता शिकलंस. आता घरच्या माणसाक कारण सांगाक शीक. पुढच्या खंडेनवमीक त्येका नुसता फूल, नि तेल घालतलंय तुज्या टकलेर!"